कापसाचा चौकोन

संस्थेत मला सगळे मामी म्हणतात. उंदीर हे मामा, त्या मामांचं खाणंपिणं, धुणंपुसणं, दुखणीखुपणी बघते ती मामी, इतकं सरळ आहे. पहिल्यांदा कोण म्हणालं ते आठवत नाही, पण ज्याने म्हटलं त्याचा मला भयंकर राग आला होता. जनावरांची डॉक्टर आहे मी, रीतसर शिकलेली, दारावर पाटीसुद्धा आहे. पण पाटी वाचतो कोण? आता तर कुणी डॉक्टर म्हणून हाक मारली की मीच मागे वळून बघते, कोण आलंय म्हणून. आणि आमच्याकडे येतात त्या बहुतेक माद्या. मामा कसले डोंबलाचे.

आमचं प्राणीघर तळघरात आहे. लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, खोल्यांत रॅक आणि रॅकवर पारदर्शक प्लास्टिकचे पिंजरे. खिडकी एकही नाही. दिवे घड्याळावर लागतात आणि घड्याळावरच विझतात. आत जायचं तर कपडे बदला, टोपी घाला, तोंडाला मास्क लावा. मी नोकरीला लागले तेव्हा पिंजऱ्यात लाकडाचा भुसा, पाण्याची बाटली आणि खायच्या गोळ्या एवढंच असायचं. उंदीर झाकणाची जाळी कुरतडत बसायचे. एखादी कोपऱ्यात त्याच त्या जागी उड्या मारायला लागायची आणि मारतच राहायची. ते बघून माझ्या डोक्यात तिडीक जायची.

संस्थेच्या साहेबांना म्हटलं, यांना काहीतरी करायला द्या. साहेब म्हणाले, "मामी, उंदरांना काय करायचंय? त्यांना का ऑफिस गाठायचंय?"

याला एन्रिचमेंट म्हणतात. पिंजऱ्यातल्या जनावराला लपायला, कुरतडायला, पळायला, घरटं करायला काहीबाही द्यायचं, म्हणजे त्याचा वेळ जातो आणि डोकं ठिकाणावर राहतं. जगभर करतात, पण आमच्याकडे ते म्हणजे मामीचे लाड. मी साहेबांच्या खनपटीलाच बसले. प्रत्येक बैठकीत तेच, जिन्यात भेटले तरी तेच. मला येताना बघून लोक लिफ्टची बटणं दाबायला लागले. शेवटी साहेब कंटाळले आणि नियम झाला. प्रत्येक पिंजऱ्याला घरट्यासाठी कागदाच्या पट्ट्या आणि लपायला एक नळी.

नळ्यांना पैसे मात्र मिळाले नाहीत. मग आमचे हे कामाला आले. ते कापडाच्या दुकानात आहेत. कापडाचे तागे पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून येतात आणि तागा संपला की नळी कचऱ्यात जाते. ते त्या घरी आणायचे, मी करवतीने तुकडे करायचे, कामावर नेऊन जंतू मरावेत म्हणून वाफेच्या भट्टीतून काढायचे. दुकानाच्या मालकाने एकदा विचारलं, रोज नळ्या नेता कुठे? हे म्हणाले, "बायकोच्या मामांकडे." मालकाला वाटलं, बायकोचं माहेर जरा विचित्रच असणार.

तर असं सगळं रांगेला लागलेलं असताना ती आली. नवीन संशोधक. मला मुलगी असती तर तिच्या वयाची असती. हळू बोलणारी, आत येताना दारावर टकटक करणारी. आमच्याकडे टकटक करून येणारे नसतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी मला ती आवडली. म्हणाली, "मामी, मला एक खोली हवीय. त्यातल्या उंदरांना जेवढं म्हणून देता येईल तेवढं द्यायचं. काय द्यायचं ते तुम्ही ठरवा. पैसे माझ्या प्रकल्पातून घ्या."

मला तर आकाश ठेंगणं झालं. इतक्या वर्षांत कुणी मला असं म्हटलं नव्हतं. मला वाटलं, एका खोलीला सगळं द्यायचं, दुसरीला नाही, आणि तुलना करायची. असे प्रयोग असतात, त्यात काही वावगं नाही. मी मोठे पिंजरे काढले. एकेका पिंजऱ्यात चौघी. पळायला चाक, लाल प्लास्टिकचं घर (लाल रंग उंदरांना दिसत नाही, त्यामुळे आत त्यांना अंधार वाटतो आणि बाहेरून आपल्याला त्या दिसतात), नळ्या, चढायला दोरी, कागदाचा ढीग. दर आठवड्याला काहीतरी हलवायचं, काहीतरी नवीन ठेवायचं. घरी मी कधी इतक्या हौसेने पडदे बदलले नाहीत.

आणि त्या काय रंगल्या म्हणता! एक होती, कान फाटलेली, ती बाकीच्या तिघी झोपल्या की चाकावर चढायची. दुसऱ्या पिंजऱ्यातली एक बाई सगळा कागद ओढून नळीची दोन्ही तोंडं बुजवायची आणि आत बसायची. बाकीच्या उकरून आत शिरायच्या, की ही पुन्हा बुजवायला सुरुवात. जाळी कुरतडणं बंद झालं. त्या खोलीत गेलं की नुसती खुडबुड ऐकू यायची, कार्य असलेल्या घरात येते तशी.

हे सगळं मी घरी जेवताना सांगायची. सांगायची ते वन्संसाठी. माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. यजमान गेले, भाड्याचं घर सोडलं आणि आमच्याकडे आल्या, मागच्या खोलीत. पहिले काही महिने धड होत्या. मग हळूहळू एकेक बंद होत गेलं. आधी बाहेर जाणं, मग वाचन, मग केस विंचरणं. गोळ्या चालू आहेत. बदलून झाल्या, वाढवून झाल्या. डॉक्टर म्हणतात, काहींना या औषधांनी फरक पडत नाही, नवीन काही येईल तेव्हा बघू. मी आधी समजूत घातली, मग चिडले, मग चिडल्याबद्दल रडले, आणि शेवटी हात टेकले. दिवसभरात त्या एकच गोष्ट आपणहून विचारायच्या. ताटावर बसल्या की म्हणायच्या, "वहिनी, काय म्हणतात तुमचे उंदीर?" मग मी तिखटमीठ लावून सांगायची. नळीत कोंडून घेणाऱ्या बाईची गोष्ट ऐकून त्या हसल्या होत्या. आवाज न करता, पण हसल्या होत्या. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पटकन मान खाली घालून जेवायला लागले.

सहा आठवडे झाले असतील. बोळात ती मुलगी भेटली. म्हणाली, "मामी, सोमवारी सगळं काढायचं."

"धुवायला ना? ते होतंय दर आठवड्याला."

"नाही. परत नाही द्यायचं. साधा पिंजरा, भुसा, पाणी, गोळ्या."

मला आधी कळेचना. मग तिने नीट समजावून सांगितलं, शांतपणे, एखाद्या पेशंटच्या नातेवाइकाला सांगावं तसं. ज्याच्याकडे कधी काही नव्हतं त्या उंदराचा तिला उपयोग नव्हता. भरलेलं घर असलेल्याचं सगळं गेलं, तर तो कसा खचतो, ते तिला हवं होतं. खचलेले उंदीर मिळाले की त्यांना नवीन औषध देऊन बघायचं. "माणसं अशीच खचतात ना मामी. काहीतरी असतं आणि मग नसतं."

"म्हणजे मी हे सगळं दिलं ते काढून घेण्यासाठी?"

"तुम्ही जितकं चांगलं द्याल तितकं काढल्यावर जाणवेल. म्हणून तर तुमच्यावर सोपवलं."

माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते सांगत नाही, पण बोळाच्या टोकापर्यंत दारं उघडली. ती उभी राहून ऐकत राहिली. उलट बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. माझं संपल्यावर म्हणाली, "तुमच्या नणंदबाई कशा आहेत?" मीच कधीतरी सांगितलं होतं तिला. टोमणा नव्हता तो, डोळ्यांत पाणी होतं तिच्या. "अशाच लोकांसाठी करतेय मी. ज्यांना आताच्या औषधांनी फरक पडत नाही त्यांच्यासाठी. दुसरा रस्ता असेल तर तुम्ही सांगा, मी तसं करते."

मला कुठला सांगता येतोय रस्ता?

साहेबांकडे गेले. साहेबांनी चहा मागवला, तेव्हाच ओळखलं की काही होणार नाही. "प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीने मान्य केलंय, मामी. नियमात सोय आहे. शास्त्रीय गरज असेल तर या वस्तू काढता येतात."

"ती सोय तुम्ही घुसवलीत."

"घुसवली नसती तर नियम झाला असता का?" ते म्हणाले. तेही खरंच होतं. मी चहा न पिता उठले, एवढाच काय तो माझा निषेध.

सोमवारी काढायला मीच गेले. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं, पण नवख्या हाताने त्या बिथरतात, म्हणून मीच. उंदराला शेपटीला धरून उचलू नये. नळी समोर धरली की तो आपणहून आत शिरतो, मग नळीसकट उचलून हलवायचं. ते मीच सगळ्यांना शिकवलंय. त्या दिवशीही नळी धरली. आल्या, एकेक करून, नेहमीसारख्या. मी त्यांना रिकाम्या पिंजऱ्यात सोडायची आणि नळी काढून घ्यायची. कान फाटलेलीने आत जाऊन चारी कोपरे हुंगले. मग चाक असायचं त्या बाजूला जाऊन उभी राहिली. मी झाकण लावलं आणि पुढचा पिंजरा घेतला. करणार काय?

त्या रात्री वन्संनी विचारलं, तेव्हा मी खोटं सांगितलं. म्हटलं, आज दोरीवर दोघी एकदम चढल्या आणि पडल्या. दुसऱ्या दिवशी आणखी काहीतरी. आठवडाभर रेटलं. एका रात्री त्या म्हणाल्या, "वहिनी, हल्ली तुम्ही पुस्तकातलं वाचून दाखवल्यासारखं सांगता."

मग मात्र मला आवरलं नाही. जे होतं ते सांगितलं. हे म्हणाले, "कशाला सांगतेस तिला असलं काही?" वन्संनी घास हातात धरून ठेवला होता.

"घर काढून घेतलं?"

"हो."

"चाकही?"

"सगळंच, वन्सं."

"पण चौघी एकत्र आहेत ना?"

"हो, चौघी एकत्र आहेत."

"मग होईल निभावणी," त्या म्हणाल्या आणि घास तोंडात घातला. मी आत जाऊन पाणी प्यायले.

आता खचल्या आहेत की नाहीत हे कळणार कसं? उंदराला विचारता येत नाही. त्याची एक साधी पद्धत आहे. संध्याकाळी पिंजऱ्यात दाबलेल्या कापसाचा एक चौकोन ठेवायचा, बिस्किटाएवढा. सकाळी बघायचं. बरा उंदीर रात्रीत तो कापूस पिंजून त्याचं घरटं करतो, वाटीसारखं, वरून बंद. ज्याचं मन उडालंय तो हात लावत नाही. सकाळी चौकोन तसाच पडलेला असतो, कडा न मोडता.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी मिळून ते चौकोन ठेवत होतो. मी विचारलं, "तसाच राहिला तर?"

"तर माझं बरोबर निघालं. मग यांनाच महिनाभर औषध द्यायचं."

"आणि बांधलं तर?"

तिने झाकण बसवलं. "तर यांचा मला उपयोग नाही मामी. नवीन खेप मागवायची, पहिल्यापासून सगळं."

उपयोग नाही म्हणजे काय ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. प्रयोगात एकदा वापरलेला उंदीर दुसऱ्या प्रयोगाला चालत नाही आणि सांभाळत कुणी बसत नाही. बोळाच्या टोकाला एक खोली आहे, तिथलं कामही माझ्याच देखरेखीखाली होतं.

घरी आले ती डोकं धरून. इतकी वर्षं मी या प्राण्यांना बरं वाटावं म्हणून भांडले, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, नवऱ्याला नळ्या वाहायला लावल्या. आणि आता मी देवाजवळ काय मागत होते? की यांना बरं वाटू देऊ नकोस. कापसाला तोंड लावू देऊ नकोस. खचू देत, म्हणजे निदान महिनाभर जगतील आणि पुढची खेप तरी वाचेल. असलं मागणं कुणी मागतं का? ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "झोप आता." झोप कुठून येणार?

सकाळी तिच्या आधी पोचले. खोलीत दिवे लागले होते. पहिला पिंजरा ओढला.

चौकोन नव्हता. कोपऱ्यात पांढरं, गोल, गच्च घरटं होतं, वरून बंद, आणि आतून चार अंगांचा एकच श्वास वरखाली होत होता. दुसरा ओढला. तसंच. तिसरा, चौथा, सगळा रॅक. कान फाटलेलीच्या पिंजऱ्यात तर कापसात भुसाही कालवला होता, मायंदाळ मोठं घर झालं होतं. मी तिथेच स्टुलावर बसले. मला काय काय वाटायला हवं होतं, सगळं माहीत होतं. पण खरं सांगते, मला आनंद झाला. ऊर भरून आला. सगळं काढून घेतलं तरी खमक्या बायांनी रात्रीत घर उभं केलं होतं.

ती मुलगी आली तेव्हा मी तशीच बसलेली होते. तिने एकेक पिंजरा बघितला. चेहरा उतरत गेला. शेवटचा पिंजरा आत सरकवून ती भिंतीला टेकून उभी राहिली. इथे यायच्या आधीपासूनचं, दोन वर्षांचं काम होतं तिचं, मला कळत होतं. पुटपुटली, "का नाही झालं? सगळं तर काढलं होतं."

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. आणि मला त्यांचं कौतुक आवरत नव्हतं हो. मी पिंजरा ओढून तिच्यापुढे धरला. म्हटलं, "अहो, हे बघा तरी! एकीच्या दातांचं काम नाही हे. इकडून ओढलाय, तिकडून ओढलाय, चारी बाजूंनी पिंजलाय. सगळ्यांनी मिळून बांधलंय. यांना कशाला कोण खचवतंय? या एकमेकींना धरून आहेत."

ती बघत राहिली. घरट्यात एकीने कूस बदलली तशा बाकीच्याही हलल्या.

"एकमेकींना धरून," ती म्हणाली.

मी पिंजरा घाईने आत सरकवला. म्हटलं, "मी आपलं असंच बोलले मॅडम."

"नाही, बरोबर बोललात. मी वस्तूंचाच विचार करत राहिले. मुद्दामच एकत्र ठेवल्या होत्या, म्हटलं फक्त वस्तूंचा परिणाम बघू." ती आता सरळ उभी राहिली होती, डोळ्यांत पुन्हा जीव आला होता. "पुढच्या खेपेला आधी सगळं द्यायचं, तुम्ही दिलंत तसंच. आणि काढताना एकेकीला वेगळं ठेवायचं."

"समिती परवानगी देणार नाही," मी म्हटलं.

"कारण दाखवलं तर देतील. हेच कारण आहे की." तिने पिंजऱ्याकडे हात केला.

मी तिला काय काय सांगितलं. एकटी मादी थंडीने कुडकुडते, अंगाखाली ऊब लागते तिला, वजन उतरतं. ती मान हलवत ऐकत होती, मनाशी नोंद करत असल्यासारखी. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी जे जे सांगतेय ते सगळं तिच्या उपयोगाचंच आहे. मग बोलणं थांबवलं. थोडं उशिरा थांबवलं.

जाता जाता तिने माझा हात हातात घेतला. हातमोज्यातूनसुद्धा गरम लागला. "मामी, तुम्ही बोलला नसता तर माझ्या लक्षातच आलं नसतं. पेपर छापला जाईल तेव्हा मी तुमचे आभार मानणार आहे. नावानिशी."

"नको," मी म्हटलं.

"का नको? तुमचाच वाटा आहे." मग दारात थांबून तिने विचारलं, एकेकीला ठेवायचे छोटे पिंजरे आपल्याकडे आहेत का.

आहेत, म्हटलं. मागच्या खोलीत आहेत. धुवून ठेवते.